लाकडी बॉम्बर आणि उजवीकडची खुर्ची

प्लायवूड विकण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे हे परीक्षण थोडं पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात ज्याने आयुष्यभर फळीची कड बघून आतला गाभा ओळखला, त्याला घरच्या संगणकावर उडवायला चक्क प्लायवूडचं बॉम्बर मिळालं, तर तो दुसऱ्या विमानांकडे कशाला बघेल? विमान म्हणजे डी हॅव्हिलंड मॉस्किटो, प्रकार एफबी ६. सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ, डीसीएस वर्ल्ड. त्यात एकेक विमान मॉड्यूल म्हणून वेगळं विकत घ्यायचं. हे मॉड्यूल बनवणारी कंपनी ईगल डायनॅमिक्स. २०२१ मध्ये ते अर्ली ॲक्सेस म्हणून, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच, बाजारात आलं. मी बराच थांबून सेलमध्ये घेतलं.

मतही आधीच देतो. विमान अस्सल उतरलंय. इंजिनांचे लहरी स्वभाव, धावपट्टीवरची ओढ, वेग चढला की दांड्यात येणारा जडपणा, सगळं पटतं. पण मॉस्किटो हे दोघांचं विमान आहे. ते एकट्याने उडवणारा माणूस पैसे पूर्ण भरून निम्मा माल दुकानातच ठेवून येतो.

घरबसल्या जुनी बॉम्बर उडवायची तर पर्याय बरेच आहेत. ज्याने एफएसएक्स किंवा प्रीपेअर थ्रीडी ही जुनी सिम्युलेटरं जपून ठेवली असतील त्याच्यासाठी ए-टू-ए सिम्युलेशन्सचं बी-१७ आहे. चार इंजिनांची काळजी वाहणं हाच तिथला खेळ. आयएल-२ ग्रेट बॅटल्स या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये जर्मन हाइन्केल १११ आणि युंकर्स ८८ आहेत, सोव्हिएत पे-२ आहे. बॉम्बसाइटमधून, म्हणजे बॉम्बचा नेम धरायच्या यंत्रातून, खाली बघत, उंचावरून नेम धरायची हौस असेल तर तिकडेच जावं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरात देखावे डोळ्यांचं पारणं फेडतात, पण शस्त्रांना तिथे जागा नाही, म्हणजे बॉम्बर रिकाम्या पोटी हिंडणार. डीसीएसमध्येही बी-१७ दिसतं, पण ते दुसऱ्या महायुद्धाच्या ॲसेट पॅक नावाच्या जादा संचातून येतं आणि फक्त संगणकच ते उडवतो. आपण शेजारून जाऊन हात हलवायचा.

काही जाणकार नाक मुरडतील की एफबी ६ म्हणजे फायटर-बॉम्बर, ते खरं बॉम्बर कुठे? बरोबर आहे. मूळ कल्पना होती बिनबंदुकीच्या बॉम्बरची. तोफा नाहीत, तोफा चालवणारे नाहीत, वजन कमी, दोन मर्लिन इंजिनं, आणि शत्रूच्या फायटरला पाठ दाखवून सरळ निघून जायचं. ब्रिटिश हवाई खात्यातल्या बऱ्याच जणांना हा चक्रमपणा वाटला होता. २५ नोव्हेंबर १९४० ला हॅटफिल्डहून पहिलं उड्डाण झालं आणि ही मंडळी गप्प झाली. एफबी ६ ही त्याच घरातली पुढची पाती. हिच्या नाकात चार ब्राउनिंग मशीनगन, कॉकपिटच्या फरशीखाली वीस मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा. तोफांनी बॉम्बच्या कप्प्याचा पुढचा अर्धा भाग खाल्लाय, म्हणून आत फक्त दोनच बॉम्ब बसतात, आणखी दोन पंखांखाली. बॉम्बरची मूळ तब्येत मात्र तीच, खाली उतरायचं, जोरात जायचं, टाकायचं आणि सुटायचं.

आता लाकूड. याबद्दल मी थोडा वेळ घेणार आहे, घाई असेल त्यांनी दोन परिच्छेद सोडावेत.

मॉस्किटोचा सांगाडा म्हणजे बाहेरून बर्चचं पातळ प्लाय, मध्ये बाल्साचा गाभा, आतून पुन्हा बर्च. धड उभं चिरून दोन अर्ध्या भागांत बनवायचे, साच्यावर वाकवून. दोन्ही भाग उघडे असतानाच आतल्या तारा, नळ्या, केबली बसवायच्या, मग दोन्ही जोडून टाकायचे. पंख एकसंध, चोपन्न फुटांचा. वरून मादापोलम नावाचं सुती कापड ताणून बसवायचं आणि डोप, म्हणजे कापड घट्ट करणारं रोगण, मारायचं. इंग्लंडात फर्निचरचे कारखाने या कामाला जुंपले होते. अ‍ॅल्युमिनियमची टंचाई होती आणि सुतार रिकामे होते, म्हणून हे विमान इतक्या संख्येने बनू शकलं: ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून ७,७८१.

आणि गोंद! सुरुवातीला केसिन वापरलं, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा गोंद. पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइड आलं. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो, कारण आपल्याकडे एमआर, म्हणजे ओल सोसणारा, ग्रेड म्हणून जो प्लाय विकला जातो तो आजही याच घराण्यातल्या रेझिनवर चिकटवतात. गिऱ्हाइकाला आम्ही सांगत आलो की एमआर बेडरूमच्या कपाटाला चालेल, स्वयंपाकघरात सिंकखाली बीडब्ल्यूपीच, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा, घ्या. १९४४ च्या शरदात भारतात आणि बर्मा आघाडीवर मॉस्किटोंचे पंख हवेत निकामी होऊन अपघात झाले, नोव्हेंबरात उड्डाणं थांबवून सगळ्या विमानांची तपासणी करावी लागली. दोष उष्ण-दमट हवेचा की कारखान्यात नीट न बसवलेल्या जोडांचा, यावर तेव्हाही वाद झाला. पावसाळ्यात गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या फळ्यांचे पापुद्रे सुटताना मी पाहिलेत. माझं मत विचाराल तर दोन्ही. खराब जोड इंग्लंडच्या थंडीत वर्षभर तग धरतो, आसामच्या पावसात नाही. लोहगावच्या धावपट्टीवरही, रॉयल एअर फोर्सचं पूना म्हणत तेव्हा, मॉस्किटो होती. म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याएवढ्या अंतरावर हे विमान उन्हातान्हात उभं असायचं.

सिम्युलेटरात यातलं काही नाही. लाकूड भिजत नाही, गोंद सुटत नाही. गोळ्या लागल्यावर नुकसान होतं, ते व्यवस्थित होतं, पण बंगालच्या पावसाळ्यात दोन महिने बाहेर उभ्या केलेल्या विमानाचं काय होतं हे दाखवणारा सिम्युलेटर अजून कोणी काढलेला नाही. काढला तर पहिला गिऱ्हाईक मी.

कॉकपिटकडे वळू. वैमानिक डावीकडे, नॅव्हिगेटर उजवीकडे, किंचित मागे सरकून, खांद्याला खांदा घासेल इतकं जवळ. आत शिरायचं दार उजव्या बाजूला, खालच्या अंगाला. शुद्ध बॉम्बर प्रकारात वैमानिकासमोर चाकासारखं योक होतं, इथे फायटरसारखा दांडा आहे. समोरच्या पॅनलवर मध्यभागी चाकांची, फ्लॅपची आणि बॉम्बच्या दारांची अशा तीन कळा जवळजवळ आहेत. पॅनलचं काम इतकं बारीक केलंय की रंग उडालेल्या कडा, स्क्रूची डोकी आणि डायलवरची अक्षरं जवळ जाऊन वाचता येतात. चित्रांबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही, यूट्यूबवर पाहून घ्या.

आवाजाबद्दल मात्र लिहायला हवं. मर्लिन सुरू होताना आधी खोकतं, मग एकेक सिलिंडर कामावर येतो, आणि दोन्ही इंजिनं लागली की एका लयीत येईपर्यंत त्यांच्यात एक घुमणारी कुरबूर चालते. दोन्हींचे फेरे जुळवले की ती विरते. हेडफोन लावून हे काम करायला मला अजून कंटाळा आलेला नाही.

उड्डाणात या विमानाचा खरा स्वभाव कळतो. दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेला फिरतात, त्यामुळे जोर दिला की विमान डावीकडे ओढ घेतं. शेपटीचं चाक मोकळं, त्याला कुलूप नाही. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. दांड्यावरची कळ दाबायची आणि ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं पेडल द्यायचं, हा जुना इंग्रजी रिवाज. आधुनिक विमानांची सवय झालेले लोक इथेच चिडून सोडून देतात. उपाय साधा आहे. डावं थ्रॉटल, म्हणजे डाव्या इंजिनाचा जोर ठरवणारी कांडी, उजव्यापेक्षा बोटभर पुढे ठेवायचं, जोर हळूहळू वाढवायचा, आणि शेपूट उचलली जाईपर्यंत पायांनी सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत राहायचं. रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, हवेत जिवंत झालं की विमान एकदम शहाणं होतं. म्हणूनच ज्यांच्याकडे दोन वेगळ्या कांड्यांचं थ्रॉटल आणि पायातली पेडल नाहीत, त्यांनी हे विमान घेऊ नये. जॉयस्टिक पिळून रडर चालवता येतं, पण मजा येत नाही.

पेडलवरून आठवलं. ती फरशीवर सरकतात. एका दुकानदाराने मला त्यासाठी रबरी चटई विकायचा प्रयत्न केला. त्यापेक्षा बारा मिलिमीटर प्लायची पाटी कापावी, पुढे एक पट्टी ठोकावी, तिला खुर्चीचे पाय अडकवावेत. कडेला बीडिंग लावलं तर घरातल्यांचा विरोधही मावळतो.

इंजिनं सांभाळणं ही रोजची कटकट आहे आणि तीच चव आहे. मर्लिन २५ ला उड्डाणासाठी आणि लढाईसाठी मिनिटाला ३,००० फेरे आणि अधिक १८ पौंड बूस्ट, म्हणजे इंजिनात भरलेल्या हवेचा दाब, द्यायची मुभा आहे, पण पाच मिनिटंच. चढताना २,८५० आणि अधिक ९. नंतर निवांत जायचं तर २,६५० आणि अधिक ७ च्या आत. हे आकडे काड्यापेटीएवढ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवले आहेत. जमिनीवर फार वेळ रेंगाळलात तर रेडिएटरचा काटा वर सरकायला लागतो, कारण रेडिएटर पंखाच्या पुढच्या कडेत आहेत आणि विमान धावल्याशिवाय त्यांना वारा मिळत नाही. इंजिन बंद पडलं तर प्रोपेलरच्या पात्यांची कड हवेकडे फिरवायची, म्हणजे फेदर करायची, आणि एका इंजिनावर घरी यायचं. हे विमान ते खरोखर करतं. फक्त वेग कमी असताना, उड्डाणानंतर लगेच, एक इंजिन गेलं तर चालत्या इंजिनाला पूर्ण जोर देण्याचा मोह आवरावा, नाहीतर विमान पाठीवर वळतं. तिथे आधी नाक खाली, मग जोर.

आता त्या उजवीकडच्या खुर्चीबद्दल.

एकट्याने उडवताना तिथे नॅव्हिगेटरचा पुतळा बसलेला दिसतो. डोकं वळवून बघतो, छान दिसतो. पण तो मला वाट सांगत नाही, नकाशा वाचत नाही, घड्याळ बघत नाही. त्यामुळे एकटा माणूस काय करतो, तर एफ१० दाबून वरून सगळा नकाशा बघतो आणि त्यात आपलं विमान कुठे आहे हे त्याला आयतं दिसतं. माझ्या मते तिथेच मॉस्किटो संपलं. १९४४ मध्ये झाडांच्या शेंड्यांवरून ताशी अडीचशे मैलांनी जाणाऱ्या माणसांना आपण कुठे आहोत हे कळायचं ते शेजारच्याच्या मांडीवरच्या नकाशामुळे आणि मनगटावरच्या घड्याळामुळे.

माझी बायको भूगोलाची शिक्षिका होती. निवृत्त होऊनही नकाशा उलटा धरलेला तिला सहन होत नाही. या विमानात तिला अजिबात रस नव्हता, पण एफ१० चा नकाशा बघून उडवतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "मग त्यात तुम्ही काय केलंत? ते तर मोबाइलवाला रिक्षावालाही करतो." त्या दिवसापासून मिशनच्या सेटिंगमध्ये नकाशावर आपलं विमान दाखवणं बंद आहे. इंग्लिश खाडीच्या दोन्ही किनाऱ्यांची छापील प्रत, पट्टी, कोनमापक आणि स्वयंपाकघरातलं टायमर घेऊन ती माझ्या उजवीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते.

हिशेब सोपा करायचा म्हणून आम्ही ताशी २४० मैल पकडतो, म्हणजे मिनिटाला चार मैल. हे डीसीएसमध्ये द चॅनल नावाचा जो नकाशा वेगळा विकत मिळतो त्यावर. केंटमधल्या मॅन्स्टनहून निघायचं. पलीकडचं, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं काप ग्री-ने हे टोक सुमारे ३४ मैल, म्हणजे साडेआठ मिनिटं. तिथून आत वळून सेंट ओमेर आणखी तीस मैल, साडेसात मिनिटं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की हसू येतं. मग मिशनमध्ये पश्चिमेचा ताशी वीस मैलांचा वारा लावायचा. साडेआठ मिनिटांत तो विमानाला जवळजवळ तीन मैल पूर्वेला ढकलतो. समुद्रावर खालून पंधरा मीटरवर जाताना तीन मैल चुकल्याचं काहीही दिसत नाही. सगळीकडे पाणीच. किनारा समोर आला की अचानक प्रश्न पडतो, हे टोक कुठलं? ग्री-ने की ब्लां-ने? दोन टोकांच्या मध्ये विसांचा अर्धगोल उपसागर आहे, तो दिसला तर आपण पूर्वेला आलो. त्याहून पूर्वेला गेलात तर कॅले, आणि कॅलेच्या तोफा स्वागताला.

हिने पहिल्यापासून वाऱ्याचा त्रिकोण, म्हणजे वारा धरून विमानाची दिशा ठरवायची आकृती, काढायला लावला. मी म्हटलं अंदाजाने पाच अंश उजवीकडे धरतो. "अंदाजाने नाही, काढा." दिशा दाखवणारा जायरो हळूहळू सरकत जातो, तो मधूनच होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागतो, आणि ते करताना विमान सरळ आणि सपाट ठेवावं लागतं. माझं लक्ष इंजिनांवर असतं, ही आठवण करते. किनारा ओलांडल्यावर तिची बडबड सुरू होते. "आता डावीकडे रेल्वे यायला हवी. आली? मग कालवा. कालवा ओलांडला की सांगा, मी टायमर परत लावते. अहो, वर कशाला जाताय?" समोर झाडं आहेत म्हणून वर जातोय, हे तिला पटत नाही, कारण नकाशावर झाडं नाहीत.

हे जे काही होतं ते मॉड्यूलच्या पेटीत मिळत नाही, पण मॉड्यूलशिवाय झालंही नसतं. नकाशावरच्या नद्या, कालवे, रेल्वेमार्ग, गावांच्या चर्चचे मनोरे हे सगळं छापील नकाशाशी जुळतं, हीच त्यांची कमाल. एखाद्या वळणावरचा कालवा कागदावर आहे आणि काचेतूनही तिथेच दिसला, की आम्ही दोघंही ओरडतो.

लक्ष्यांबद्दल. १९४३ च्या डिसेंबरपासून उत्तर फ्रान्सच्या पा-द-कॅले भागात जर्मनांनी व्ही-१ हे उडते बॉम्ब सोडण्यासाठी बांधलेले तळ शोधून मारायचं काम याच जातीच्या मॉस्किटोंकडे होतं. त्या तळांवरच्या लांबट, टोकाला वळलेल्या इमारती बर्फावरच्या स्कीसारख्या दिसत म्हणून त्यांना तसंच नाव पडलं. जंगलाच्या कडेला लपवलेली छोटी लक्ष्यं, आसपास हलक्या तोफा. मिशन एडिटर उघडून तशी लक्ष्यं मांडायची आणि बायकोला फक्त जंगलाचं नाव द्यायचं, हा आमचा खेळ. एडिटर शिकायला वेळ लागतो, पण तयार मोहिमांपेक्षा त्यात जास्त जीव आहे.

बॉम्ब टाकणं जमायला वेळ लागतो, कारण नेम धरायला काही यंत्रच नाही. वैमानिकाने डोळ्यांनी ठरवायचं. खूप खालून, सरळ, लक्ष्य नाकाखाली लुप्त व्हायच्या सुमारास. दारं आधी उघडायची, हायड्रॉलिक्सला काही सेकंद लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्यूज, बॉम्ब कधी फुटायचा ते ठरवणारा. विलंब लावला नसेल तर आपल्याच बॉम्बच्या स्फोटात आपण. त्या काळी अशा खालच्या हल्ल्यात अकरा सेकंदांचा विलंब लावत. मिनिटाला चार मैल म्हणजे अकरा सेकंदांत जेमतेम बाराशे मीटर. पहिल्याचे बॉम्ब फुटायच्या आत मागच्या विमानांनी डोक्यावरून गेलेलं असायला हवं, किंवा मग थांबायला हवं. १८ फेब्रुवारी १९४४ ला फ्रान्समधल्या आमियांच्या तुरुंगाच्या भिंती फोडल्या त्या याच हिशेबाने, बर्फाच्या वादळातून निघून. अडीचशेच्या वर कैदी निसटले, शंभराच्या आसपास कैदी त्याच हल्ल्यात मेले. मोहिमेचं नेतृत्व करणारा पर्सी पिकर्ड आणि त्याचा नॅव्हिगेटर अ‍ॅलन ब्रॉडली परत आले नाहीत. दोघं एकाच विमानात, शेजारी शेजारी.

आमच्या घरात एक नियम आहे, शहरं नाहीत. तो हिचा. २१ मार्च १९४५ ला कोपनहेगनमध्ये गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, कचेरीवर मॉस्किटो आली. एक विमान खांबाला धडकून एका शाळेजवळ पडलं, आणि मागून येणाऱ्या काहींनी तो धूर म्हणजेच लक्ष्य समजून तिथे बॉम्ब टाकले. ८६ मुलं गेली. हे वाचल्यावर ती टायमर ठेवून उठली होती. नंतर परत बसली, पण एडिटरमध्ये लक्ष्य कुठे आहे ते आता आधी तिला दाखवावं लागतं. मला यात काही वावगं वाटत नाही. खेळ आहे म्हणून इतिहास पुसला जात नाही आणि इतिहास आहे म्हणून मी हे विमान उडवणं सोडणारही नाही.

खऱ्या अर्थाने दोघांनी बसायचं तर मल्टीक्रूची सोय आहे. इंटरनेटवरून दुसरा माणूस तुमच्या विमानात उजवीकडे बसू शकतो. त्याच्याकडेही मॉड्यूल हवं. माझा भाचा टोरांटोला असतो. तिथल्या डाउन्सव्ह्यूच्या कारखान्यात डी हॅव्हिलंड कॅनडाने हजाराच्या वर मॉस्किटो बांधली, त्यामुळे त्यालाही थोडा मालकी हक्क वाटतो. त्याची रात्र, माझी सकाळ. "मामा, बूस्ट कमी कर, पाच मिनिटं झाली." मुलगा हुशार आहे, पण नकाशा वाचण्यात मामीची बरोबरी नाही, आणि तो गुपचूप एफ१० उघडून बघतो असा मला संशय आहे.

उतरणं? चाकं ताशी १८० मैलांच्या आत सोडायची, शेवटी १२५ च्या आसपास यायचं, आणि जमिनीला टेकल्यावर काम संपलं असं समजायचं नाही. उड्डाणातली ओढ इथेही घात करते, विमान थांबेपर्यंत पाय जागे ठेवावे लागतात. एवढं पुरे.

पैशांचं बोलू. डीसीएस वर्ल्ड फुकट आहे, त्याबरोबर कॉकेशस आणि मारियाना बेटांचे नकाशे फुकट मिळतात. पण मॉस्किटो घेऊन कॉकेशसवर उडणं म्हणजे लग्नाची शेरवानी घालून भाजी आणायला जाणं. चॅनल किंवा नॉर्मंडीचा नकाशा वेगळा घ्यावा लागतो, दुसऱ्या महायुद्धाची जर्मन वाहनं, तोफा, आगगाड्या हव्यात तर ॲसेट पॅक वेगळा. मॉड्यूलची यादीतली किंमत साठ डॉलरच्या आसपास. तिन्ही मिळून आकडा जड होतो, आणि ते पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहितोय. वर्षातून अनेकदा सेल लागतात, त्याची वाट बघावी. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाऐवजी कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीतून घेतलं तर बहुतेक मॉड्यूल चौदा दिवस फुकट वापरून बघता येतात. पेडल आणि थ्रॉटल आधी उसने मिळवा, मग ते चौदा दिवस सुरू करा.

संगणक दणकट लागतो. ३२ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका, एसएसडीवर शंभर जीबीच्या कितीतरी वर जागा मोकळी ठेवा. आमच्या भागात उन्हाळ्यात दिवे मिणमिणतात, म्हणून यूपीएस लावलाय. सेंट ओमेरहून परत येताना खाडीच्या मध्यावर वीज गेली तर नॅव्हिगेटर तुमच्याकडे कसं बघतो ते सांगण्यासारखं नाही. पुस्तिका इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, पण अर्धीअधिक चित्रं आहेत. प्रशिक्षणाच्या मोहिमा इंजिन सुरू करण्यापासून उतरण्यापर्यंत हात धरून शिकवतात, त्या न टाळता कराव्यात.

दोन थ्रॉटल, पेडल, सेलची किंमत आणि शेजारी बसायला तयार असलेलं एक माणूस, इतकं जमत असेल तर पाचपैकी साडेचार तारे. शेजारी कोणी नसेल तर साडेतीन, आणि मग मी म्हणेन आयएल-२ मधलं हाइन्केल आधी बघा, त्यात एकट्याला नेम धरायला तरी काम आहे. अर्धा तारा मी दोन्हीकडे कापला आहे तो पापुद्र्यांसाठी. पावसाळ्यात पंख फुगलेलं मॉस्किटो मला या जन्मी उडवून बघायचंय.